निपाणीत बसून चार्ल्स टायलरच्या खाजगी लेबलच्या एलपी कशा शोधायच्या?

तू 'काका' म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो.

इतरांना कळावं म्हणून आधी तुझा प्रश्न दोन ओळींत. निपाणीच्या या पोरानं चार्ल्स टायलर या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची 'सागा ऑफ द आउटलॉज' मोबाइलवर ऐकली आणि तो वेडा झाला. आता त्याला टायलरनं स्वतःच्या अक-बा या लेबलवर, म्हणजे घरगुती रेकॉर्ड कंपनीतर्फे, काढलेल्या एलपी हव्या आहेत, त्याही मूळ छापातल्या. दोन वर्षं नेटवर शोधून झालं, मुंबईत दोन ठिकाणी विचारून झालं. पंधरा हजार रुपये बाजूला ठेवलेत. विचारतो, 'काका, इथं बसून हे जमेल का?'

जमेल. पण तू नाव टाइप करून वाट बघत बसला आहेस, तसं नाही जमणार. का ते आधी माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

साधारण तीस वर्षांपूर्वी मी कुमार गंधर्वांची लहानपणीची एक ७८ आरपीएमची तबकडी शोधत होतो. कुमार आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. म्हणजे ती बेळगावात नाही मिळणार तर कुठं मिळणार, अशी माझी पक्की समजूत. खडे बाजार झाला, रविवार पेठ झाली, शहापुरातली जुनी घरं झाली. भंगारवाल्यांना चहा पाजून पाजून माझा पगार संपला. त्यातला एकजण वैतागून म्हणाला, "काय शोधालास रे एवढं? वजनावर घे की सगळ्या!" शेवटी तबकडी सापडली ती संकेश्वरच्या पलीकडं एका खेड्यात. नाटक कंपनीत पेटी वाजवणाऱ्या एका गृहस्थांच्या सुनेनं ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली होती. मधल्या भोकात चिंधीचा बोळा कोंबलेला, वर पाट्याचा तुटका तुकडा. लेबल तेलानं अर्धं काळं झालं होतं, पण नंबर वाचता येत होता. मी झाकण उचललं तर वहिनी म्हणाल्या, "आधी दुसरं झाकण आणून द्या, मग न्या." संकेश्वरच्या बाजारात जाऊन स्टीलची झाकणी आणली, तेव्हा सौदा झाला.

त्या दिवसापासून कुठलीही दुर्मीळ रेकॉर्ड शोधायची म्हटलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो. हा माणूस कुठून कुठं गेला? आणि त्याच्या साथीला कोण बसत होतं? मोठ्या कंपनीचा माल दुकानातून पसरतो. खाजगी लेबलचा माल माणसांच्या पिशव्यांतून पसरतो.

आता तुझा टायलर. जन्म १९४१, केंटकीतलं केडिझ हे गाव, वाढला इंडियानापोलिसला. आल्टो आणि बॅरिटोन, दोन्ही सॅक्सोफोन वाजवायचा. अल्बर्ट आयलर या सॅक्सोफोनवाल्याच्या बँडबरोबर न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये १ मे १९६५ ला तो वाजवत होता, तीच मैफल 'बेल्स' म्हणून ईएसपी-डिस्क कंपनीनं काढली. एकाच बाजूला संगीत असलेली ती पारदर्शक एलपी. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला वाटलं कारखान्यात काहीतरी चुकलंय. ईएसपीवर टायलरच्या स्वतःच्याही दोन एलपी आल्या, १९६६ आणि १९६७ मध्ये. त्या पुनःपुन्हा छापल्या गेल्यात, त्यांच्यामागं जीव टाकू नको, बसल्या जागी मिळतील.

खरी गोची पुढं आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अशा फ्री जॅझला, म्हणजे ठरलेली चौकट झुगारणाऱ्या संगीताला, क्लबवाले दारात उभं करत नव्हते, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना त्यात पैसा दिसत नव्हता. मग वादकांनी जुन्या गोदामांचे मजले भाड्यानं घेतले, तिथंच राहायचं आणि तिथंच वाजवायचं. सॅम रिव्हर्सचा बाँड स्ट्रीटवरचा स्टुडिओ रिव्हबी त्यातलाच. रेकॉर्डसुद्धा स्वतःच काढायच्या. पदरचे पैसे घालून पाचशे, फार तर हजार प्रती दाबून घ्यायच्या, कार्यक्रमानंतर दाराशी उभं राहून विकायच्या, उरलेल्या पोस्टानं पाठवायच्या. ड्रमर रशीद अलीचं सर्व्हायव्हल लेबल असंच निघालं, टायलरचं अक-बाही तसंच. १९७५ च्या सुमाराची 'व्हॉयेज फ्रॉम जेरिको', १९७७ ची 'लाइव्ह इन युरोप', आणि १९७८ ची आर्थर डॉयलची 'अलाबामा फीलिंग'. ही तिसरी टायलरची नव्हेच. त्यानं आपल्या लेबलवर दुसऱ्या सॅक्सवाल्याला जागा दिली, आणि गंमत अशी की लोक जास्त तिच्याचसाठी धडपडतात. तू 'सागा'च्या नावानं अक-बा शोधत असशील तर ते आधी सोड. 'सागा' १९७६ ला रिव्हबीत ध्वनिमुद्रित झाली, पण १९७८ मध्ये निघाली ती शिकागोच्या नेसा लेबलवर.

आता त्याचा प्रवास बघ. 'लाइव्ह इन युरोप' ही स्वीडनमधल्या उमेओ गावच्या जॅझ महोत्सवातली, १९७५ ची मैफल. पुढं १९८० च्या दशकात टायलर युरोपातच राहिला आणि १९९२ मध्ये फ्रान्समधल्या तुलाँला वारला. आता तूच सांग, त्याच्या रेकॉर्ड कुठं पडून असतील? तू दोन वर्षं अमेरिकन विक्रेत्यांची पानं चाळतोयस आणि वर मुंबईत विचारतोयस. मी माझी 'लाइव्ह इन युरोप' स्वीडनमधल्या एका माणसाकडून घेतली. तो काही रेकॉर्डचा व्यापारी नव्हता, घर लहान करायला निघालेला म्हातारा होता. त्याच्या यादीत जॅझच्या मोजून अकरा एलपी, बाकी सगळं चर्चचं संगीत. अशा यादीत किंमत वाजवी असते, कारण विकणाऱ्याला पैशापेक्षा कपाट मोकळं व्हायला हवं असतं.

तेव्हा डिस्कॉग्ज या रेकॉर्ड विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावर वॉन्टलिस्ट, म्हणजे हव्या असलेल्या रेकॉर्डची यादी, लाव, ती लावायलाच हवी, पण तेवढ्यावर थांबू नको. फ्रान्स, स्वीडन, डेन्मार्कच्या विक्रेत्यांकडं त्यांच्याच भाषेतल्या शब्दांनी शोध घे. रेकॉर्डला फ्रेंचमध्ये 'disque' आणि स्वीडिशमध्ये 'skiva' म्हणतात, एवढे शब्द तरी कॉपी करून ठेव. नावाचं स्पेलिंगही बिघडवून बघ. अक-बा कुणी जोडून लिहितं, कुणी मधली रेघ काढून दोन शब्द करतं, कुणी लेबलच्या रकान्यात नुसतं 'प्रायव्हेट' लिहून मोकळं होतं. आणि 'टायलर, बॅरिटोन सॅक्स' एवढंच बघून हुरळू नको, न्यू ऑर्लिन्सचा रेड टायलर नावाचा वेगळाच बॅरिटोनवाला आहे. त्याची रेकॉर्ड चांगलीच असते, पण तुला ती नकोय.

साथीदारांकडून गेलास तर अजून जवळ पोचशील. 'जेरिको'त ट्रंपेटवर अर्ल क्रॉस, दुसऱ्या आल्टोवर आर्थर ब्लाइथ, बासवर रॉनी बॉयकिन्स, ड्रमवर स्टीव्ह रीड. बॉयकिन्स हा सन रा या जॅझ पियानोवादकाच्या बँडमधला, म्हणजे सन रा जमवणारे लोक ही एलपी बाळगून असतात. रीडचं तर स्वतःचं मस्टेव्हिक साउंड नावाचं खाजगी लेबल होतं, त्यावरच्या रेकॉर्ड पुढं लंडनच्या सोल जॅझनं पुन्हा काढल्या आणि रीडचे चाहते एकदम वाढले. त्या लोकांनी 'जेरिको'चीही किंमत चढवून ठेवली. पण याचा तुला फायदाही आहे. रीडचा संग्रह करणारा माणूस कधीतरी दोन प्रती घेऊन बसतो, आणि दुसरी प्रत बाजारात मांडण्यापेक्षा ओळखीच्याला देतो. त्याच्याशी ओळख वाढव. पहिल्याच पत्रात 'विकणार का?' विचारू नको. आपल्याकडं लग्नाचं स्थळ बघायला गेलेला माणूस आधी पाऊसपाण्याचं बोलतो, तसं कर. तुझी प्रत कुठून आली, जॅकेटवर कुठला पत्ता छापलाय, असं विचार. खाजगी लेबलवाले मागणीसाठी स्वतःचा पत्ता जॅकेटवर छापायचे, आणि तो पत्ता पुढच्या शोधाला कामी येतो.

जुने कॅटलॉग हा तिसरा धागा. कार्ला ब्ले आणि मायकेल मँटलर या जॅझ संगीतकारांनी १९७२ मध्ये न्यू म्युझिक डिस्ट्रिब्यूशन सर्व्हिस सुरू केली होती, ती अशाच अनाथ लेबलांचा माल पोस्टानं विकायची. १९७६ मध्ये सुरू झालेलं 'केडन्स' हे जॅझचं मासिकही तसंच, मुलाखती आणि परीक्षणांबरोबर रेकॉर्डची विक्री. असे कॅटलॉग आणि जुने अंक चाळले की कुठली रेकॉर्ड खरोखर बाजारात गेली, कुठली नुसती जाहीर झाली आणि छापलीच गेली नाही, हे कळतं. जी छापलीच गेली नाही ती शोधण्यात मी एकदा दीड वर्ष घालवलंय, म्हणून सांगतो. जर्मनीतलं डार्मश्टाट इथलं जॅझइन्स्टिट्यूट ईमेल केलं तर एखाद्या वादकावर कुठल्या मासिकात काय छापून आलं त्याची यादी फुकट पाठवतं. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातली इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीजही आहे. मोजका आणि नेमका प्रश्न विचार. 'टायलरबद्दल सगळं पाठवा' असं लिहिलंस तर कुणीही उत्तर देणार नाही, आणि का द्यावं?

मुंबईबद्दल थोडंच. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, आणि तिथं हा माल असण्याची शक्यता कमीच होती. मात्र १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स त्या पहिल्या वर्षी आला होता. त्या काळात परदेशी वादकांना भेटणारे, त्यांच्याकडून रेकॉर्ड घेणारे रसिक होते. त्यांची कपाटं आता हळूहळू रिकामी होतायत. दुकानांपेक्षा त्या घरांचा माग काढ. गोव्याचंही तेच. आपण चोर्ला घाट उतरलो की पलीकडं सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची अख्खी पिढी होती. ब्राझ गोन्साल्विस यांची १९७० ची 'रागा रॉक' शोधणारे लोक मला अजून भेटतात. तिकडं टायलर मिळेल असं मी म्हणत नाही, पण हात कसा बसवायचा हे शिकायला साखळी-मडगावची जुनी घरं उत्तम.

आता समज, कुणी तुला एक प्रत दाखवली. ती मूळ छापाची कशावरून?

जॅकेटवर विश्वास ठेवू नको, जॅकेट बदलता येतं. रेकॉर्डवर जिथं संगीत संपतं आणि लेबल सुरू होतं, त्या मधल्या कोऱ्या पट्टीला जमवणारे लोक डेडवॅक्स म्हणतात. त्या पट्टीत मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो, कधी हातानं खरवडलेला, कधी ठशानं उमटवलेला. शेजारी कारखान्याची खूण, मास्टर कापणाऱ्याची आद्याक्षरं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या रुडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' ही खूण प्रसिद्ध आहे, बाकीच्यांच्याही असतात. ती सरळ उजेडात दिसत नाही. खोलीतला दिवा घालव, मोबाइलचा टॉर्च टेबलालगत आडवा धर आणि रेकॉर्ड हळूहळू फिरव. एका ठरावीक कोनात अक्षरं एकदम वर येतात, ओल्या वाळूत पक्ष्याचे पाय उमटावेत तशी. विक्रेत्याकडून असाच तिरक्या उजेडातला फोटो मागव आणि ज्याच्याकडं खात्रीची प्रत आहे त्याच्या फोटोशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. 'सात'ची आडवी रेघसुद्धा सोडू नको. फोटो द्यायला जो कुरकुरतो त्याला नमस्कार कर. मागच्या बाजूला बारकोड असेल तर बाकी काही बघायची गरजच नाही, सत्तरीतल्या अशा घरगुती एलपीवर बारकोड कुठून येणार?

हे मी एवढं रंगवून सांगतोय कारण फसलोय. नाव घेत नाही, पण एका परदेशी विक्रेत्यानं मला 'ओरिजिनल प्रेस' म्हणून एक एलपी दिली होती. पैसे भरले, पार्सल आलं, टॉर्च लावला तर पट्टीत सुबक यंत्राचे आकडे. मूळ प्रतीवर हातानं खरवडलेलं असतं हे मला माहीत होतं. फोटो मागायचा मात्र आळस केला. चूक त्याची पाव, माझी पाऊण.

दर्जाचे शब्दही नीट समजून घे. 'व्हीजी' म्हणजे व्हेरी गुड असं वाचून खूष होऊ नको. त्या बाजारात व्हीजी म्हणजे खरखर ऐकू येणार, ओरखडे दिसणार. ऐकायला बरी हवी असेल तर निदान 'व्हीजी प्लस' बघ. पण खाजगी लेबलच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. जॅकेट फाटकं आणि रेकॉर्ड बरी, अशी प्रत मिळाली तर डोळे झाकून घे. त्या पुठ्ठ्यावर कुणी वहीसारखं नाव लिहिलेलं असतं, रेडिओ स्टेशनचा शिक्का असतो, त्यामुळं किंमत निम्मी होते आणि संगीताला धक्का लागत नाही. किंमत ठरवताना मागितलेला आकडा बघू नको, झालेल्या विक्रीचे आकडे बघ. डिस्कॉग्जवर ते दिसतात, लिलावांचे पॉपसाइक या संकेतस्थळावर मिळतात. अवाच्या सवा सांगणारा कुणी भेटला, तर त्याची प्रत वर्षभर तशीच पडून आहे का ते बघ. पडून असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा लिही.

पार्सलचं. विक्रेत्याला स्पष्ट सांग की रेकॉर्ड जॅकेटच्या बाहेर काढून जॅकेटच्या मागं ठेव, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा. नाहीतर प्रवासात रेकॉर्ड आत हिंदकळते आणि जॅकेटची शिवण उलते. खरी किंमत लिहायला सांग. 'गिफ्ट' लिहायला सांगणारे लोक आहेत, कस्टममध्ये अडकलं की तेच मग बोंबलत फिरतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे आपली पोरं. बेळगाव-निपाणीतलं एकतरी पोरगं जर्मनीत नाही असं गल्लीभर शोधून दाखव. एलपी त्याच्या पत्त्यावर मागव, गणपतीला येताना तो केबिन बॅगेत घालून आणेल. पाठीला लागून उभी ठेवायची, आणि वर चकलीचा डबा ठेवायचा नाही, हे त्याच्या आईला आधी सांग.

आली की लगेच लावू नको. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, चरीच्या दिशेनं गोल पुसायचं, पुन्हा नुसत्या पाण्यानं, मग उभी वाळवायची. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. आणि घरात आज्जाच्या वेळच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना चुकूनही स्पिरिट लावू नको. त्या लाखेच्या, स्पिरिटनं लाख विरघळते. मला हे कळेपर्यंत एका तबकडीची एक बाजू गुळगुळीत झाली होती.

एक गंमत सांगायची राहिली. इथं कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेले एक बँडवाले होते, लग्नाच्या वरातीत आल्टो वाजवायचे. एकदा त्यांना मी टायलर ऐकवला. डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला वाजवता येतंय चांगलं. मग मुद्दाम बिघडवायलाय कशाला?" थोडा वेळ गप्प बसले आणि स्वतःच म्हणाले, "आमचंबी रात्री दोन वाजता असंच व्हायचं, वरात संपता संपत नसली की. पण आम्हाला पैसे कापायचे."

तर तुझे पंधरा हजार. सगळे एका एलपीवर घालू नको. आधी 'लाइव्ह इन युरोप'च्या मागं लाग, युरोपातल्या लोकांकडं ती सापडायची शक्यता जास्त. 'जेरिको' नंतर. 'अलाबामा फीलिंग' पंधरा हजारात मिळाली तर मला फोन कर, मी टॉर्च घेऊन निपाणीला येतो, कारण काहीतरी गडबड असणार.

तोवर माझी उमेओची प्रत ऐकायची असेल तर टिळकवाडीत ये. दिवाळीनंतर ये. बेळगावच्या पावसात जॅकेटला दोन दिवसांत बुरशी धरते, जून ते सप्टेंबर मी कपाट उघडतच नाही. आणि येताना रिकाम्या हातानं ये, पण हात धुऊन ये.